पहिलीच निवडणूक आणि तीही राष्ट्राध्यक्षपदाची: फ्रान्स २०१७, एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

७ मे २०१७ रोजी इमॅन्युएल मॅक्रॉन फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, तेव्हा त्यांचे वय ३९ वर्षे होते आणि त्यांनी आयुष्यात लढवलेली ती पहिलीच निवडणूक होती. त्याआधी ते कोणत्याही गावाचे महापौर नव्हते, खासदार नव्हते, साधे नगरपरिषदेचे सदस्यही नव्हते. त्यांच्यापूर्वी सर्वांत कमी वयात हे पद मिळवले होते ते लुई-नेपोलियन बोनापार्टने, १८४८ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. पण त्याच्या पाठीशी सम्राट नेपोलियन या काकांचे नाव होते. मॅक्रॉन यांच्याकडे ना घराण्याचे नाव होते ना पक्ष.

आपल्याकडे राष्ट्रपतींची निवड खासदार आणि आमदार करतात. फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष मात्र थेट जनतेच्या मतांनी, दोन फेऱ्यांत निवडला जातो. पहिल्या फेरीत कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिले दोघे पंधरा दिवसांनी समोरासमोर येतात. संपूर्ण प्रकरणाची किल्ली या नियमात आहे. अनेक उमेदवारांमध्ये मते विभागली गेली असतील, तर एक चतुर्थांशापेक्षाही कमी मते घेऊन अंतिम फेरी गाठता येते, आणि तिथे समोर कोण आहे यावर जवळजवळ सगळे ठरते.

मॅक्रॉन यांना 'अननुभवी' म्हणताना थोडी सावधगिरी बाळगली पाहिजे. वरिष्ठ प्रशासकीय अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय प्रशासन विद्यालयातून ते बाहेर पडले, वित्त निरीक्षक झाले, काही वर्षे रोथशिल्ड बँकेत होते, २०१२ पासून राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा ओलांद यांच्या कार्यालयात उपमहासचिव होते आणि ऑगस्ट २०१४ मध्ये अर्थमंत्री झाले. सत्ता कशी चालते हे त्यांनी फार जवळून पाहिले होते. अनुभव नव्हता तो मते मागण्याचा आणि माणसे बांधून ठेवण्याचा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि हा फरक शेवटपर्यंत लक्षात ठेवावा लागतो.

मंत्रिपदाच्या काळात एक गोष्ट त्यांच्या वाट्याला आली, तिचा पुढच्या निर्णयांवर खोल परिणाम झाला असावा असे मला वाटते. रविवारी दुकाने उघडी ठेवणे, लांब पल्ल्याच्या बससेवा खुल्या करणे, नोटरींसारख्या बंदिस्त व्यवसायांचे नियम सैल करणे अशा तरतुदींचा एक विस्तृत कायदा त्यांनी मांडला. संसदेत तासन् तास बसून, विरोधकांची एकेक दुरुस्ती ऐकून घेत त्यांनी तो पुढे रेटला. तरीही सत्ताधारी समाजवादी पक्षातल्याच बंडखोरांमुळे बहुमताची खात्री राहिली नाही. अखेर फेब्रुवारी २०१५ मध्ये पंतप्रधान मॅन्युएल वाल्स यांनी राज्यघटनेच्या कलम ४९ मधील तिसऱ्या उपकलमाचा आधार घेऊन तो मतदानाशिवाय मंजूर करून घेतला. एवढ्या मनधरणीनंतरही आपला कायदा मतांनी नव्हे तर सक्तीने मंजूर झाला, हे पाहिल्यावर जुन्या पक्षांच्या चौकटीत राहून काही घडवता येईल यावरचा विश्वास उडणे स्वाभाविक होते.

प्रश्न

२०१६ च्या सुरुवातीला प्रश्न असा होता: कधीही निवडून न आलेला, पक्ष नसलेला, अडतिशीतला मंत्री एका वर्षात राष्ट्राध्यक्षपद मिळवू शकेल काय?

अडचणी ठोस होत्या. उमेदवारी अर्जासाठी देशभरातील किमान ५०० लोकनियुक्त प्रतिनिधींच्या सह्या लागतात, आणि त्या देणाऱ्यांत बहुसंख्य लहान गावांचे महापौर असतात. पक्षांना मिळणारे सरकारी अनुदान संसदीय निवडणुकीतील कामगिरीवर ठरते, त्यामुळे नव्या संघटनेला त्यातून एक पैसाही मिळणार नव्हता. एका व्यक्तीला उमेदवाराच्या प्रचारासाठी ४,६०० युरो आणि पक्षाला वर्षाला ७,५०० युरो यापेक्षा जास्त देणगी देता येत नाही, म्हणजे एखाद्या धनिकाच्या जोरावर मोहीम उभी करण्याची वाटही बंद होती.

त्यात इतिहासही विरोधात होता. मध्यममार्गी नेते फ्रान्स्वा बायरू यांनी २००७ मध्ये 'ना डावे, ना उजवे' अशीच भूमिका घेऊन १८.५७ टक्के मते मिळवली आणि तरीही ते तिसरे आले. पुढच्या निवडणुकीत त्यांची मते निम्म्यावर आली. मध्यभागी उभ्या राहणाऱ्याचे कौतुक सगळे करतात, पण मतदानाच्या दिवशी माणसे आपापल्या बाजूला परततात, असाच धडा जाणकारांनी त्यातून काढला होता. अनेकांनी मॅक्रॉन यांच्या प्रयत्नाकडे फुग्यासारखे पाहिले, ते याच कारणाने.

विचारात घेण्याजोगे पर्याय

पहिला पर्याय थांबण्याचा होता. ओलांद पुन्हा उभे राहतील, बहुधा हरतील, मग २०२२ मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी, एखाद्या मतदारसंघातून निवडून येऊन, पक्षात पाय रोवून उमेदवारी मागावी. सगळ्या देशांतले पक्ष तरुणांना हाच सल्ला देतात आणि आपल्याकडच्या कार्यकर्त्यांनाही तो तोंडपाठ असेल. त्यात सुरक्षितता आहे. पण पराभूत सरकारचा माजी मंत्री म्हणून पाच वर्षे विरोधात काढायची, आणि तोवर पक्षाचा ताबा कोणाकडे जाईल हे आपल्या हातात नाही, ही त्याची किंमत होती.

दुसरा पर्याय डाव्या पक्षांच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे उमेदवार ठरवण्यासाठी समर्थकांच्या मतदानात, उतरण्याचा. जानेवारी २०१७ मध्ये ती होणार होती आणि समाजवादी पक्षाचे नेते त्यांना तिथे येण्याचे आवाहन जाहीरपणे करत होते. जिंकल्यास पक्षाची यंत्रणा, पैसा, महापौर, सारे आयते मिळाले असते. मात्र तिथे मतदान करणारे हे पक्षाचे सर्वांत निष्ठावान, सर्वांत डावे लोक असणार होते. २०१६ च्या वसंतात कामगार कायद्याविरुद्ध हेच लोक रस्त्यावर उतरले होते. त्यांच्यापुढे मॅक्रॉन टिकले असते असे मला वाटत नाही. शिवाय हरल्यास विजेत्याला पाठिंबा देण्याचे बंधन आले असते, म्हणजे तो रस्ता एकाच वळणावर कायमचा बंद झाला असता.

तिसरा पर्याय स्वतंत्र लढण्याचा, सर्वांत जोखमीचा. या पर्यायात हरलो तर पक्षद्रोही आणि उपकार विसरणारा असे दोन्ही शिक्के बसणार होते, कारण त्यांना मंत्री केले ते ओलांद यांनीच.

निर्णय आणि कृती

६ एप्रिल २०१६ रोजी, अजून मंत्रिपदावर असतानाच, मॅक्रॉन यांनी आपल्या जन्मगावी आमिआँ येथे 'आँ मार्श!' ही संघटना जाहीर केली. सदस्यत्व विनामूल्य आणि इंटरनेटवरून होते, आणि दुसऱ्या पक्षात असतानाही इथे नाव नोंदवता येत असे. ही सवलत किरकोळ वाटते, पण तिने मोठे काम केले. वर्षानुवर्षे एका पक्षात असलेल्या माणसाला तो पक्ष सोडण्याची घोषणा न करता दुसऱ्या दारात डोकावता आले.

त्या उन्हाळ्यात संघटनेने 'मोठी चाल' नावाची घरोघर जाण्याची मोहीम घेतली. मते मागायची नाहीत, प्रश्न विचारायचे, असा तिचा नियम होता. देशात काय ठीक चालले आहे आणि काय नाही, एवढ्याच अंगाने बोलायचे आणि लोक आपल्या शब्दांत जे सांगतील ते नोंदवून घ्यायचे. संघटनेच्या म्हणण्यानुसार अशा सुमारे २५,००० सविस्तर मुलाखती जमा झाल्या. कोणत्या वस्त्यांत जायचे हे ठरवायला मदत करणाऱ्या तरुणांपैकी काहींनी २००८ मध्ये बराक ओबामा यांच्या प्रचाराचे काम जवळून पाहिले होते. या मोहिमेचे खरे फळ म्हणजे कधीही राजकारणात नसलेल्या हजारो माणसांना अनोळखी दारावरची घंटा वाजवण्याची सवय लागली. नवख्या संघटनेला पहिला अनुभव मिळाला तो असा.

३० ऑगस्टला त्यांनी राजीनामा दिला. बेर्सी येथील अर्थमंत्रालयाला सीन नदीचा धक्का आहे, तिथून बोटीने ते राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाकडे गेले. राजीनामा यापेक्षा लवकर दिला असता तर मंत्रिपदाचे वलय गेले असते, उशिरा दिला असता तर ओलांद यांच्या पराभवाचे वाटेकरी व्हावे लागले असते.

यानंतरचा निर्णय या प्रकरणातला सर्वांत धाडसी, आणि माझ्या मते सर्वांत कमी चर्चिला गेलेला आहे. १६ नोव्हेंबर २०१६ रोजी पॅरिसजवळील बोबिन्यी येथे, शिकाऊ कामगारांच्या एका प्रशिक्षण केंद्रात, त्यांनी उमेदवारी जाहीर केली. ही तारीख महत्त्वाची आहे. उजव्या पक्षांच्या प्राथमिक निवडणुकीची पहिली फेरी चार दिवसांनी, २० नोव्हेंबरला होती. त्या वेळी सर्वत्र समज असा होता की तिथे आलाँ ज्युपे जिंकतील. ज्युपे मवाळ, मध्याकडे झुकलेले, आणि बायरू यांचा पाठिंबा त्यांना आधीच मिळालेला. ते उजव्यांचे उमेदवार झाले असते तर मॅक्रॉन यांना जी जागा हवी होती, तिथे एक अनुभवी माजी पंतप्रधान आधीच बसलेला असता. सोयीचे होते ते दोन आठवडे थांबून, निकाल पाहून ठरवणे.

थांबले नाहीत म्हणून काय साधले? उमेदवारी ही दुसऱ्याच्या निकालावर अवलंबून नाही, हे लोकांना दिसले. ज्युपे जिंकल्यानंतर उमेदवारी जाहीर केली असती तर हट्ट वाटला असता, हरल्यानंतर केली असती तर संधिसाधूपणा. प्रत्यक्षात माजी राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी पहिल्याच फेरीत बाद झाले आणि २७ नोव्हेंबरला माजी पंतप्रधान फ्रान्स्वा फिलाँ यांनी ज्युपे यांचा मोठा पराभव केला. फिलाँ आर्थिक आणि सामाजिक बाबतीत बरेच उजवीकडचे. मध्यभाग मोकळा झाला आणि तिथे मॅक्रॉन अकरा दिवसांपासून उभे होते. १ डिसेंबरला ओलांद यांनी पुन्हा न लढण्याचे जाहीर केले; पाचव्या प्रजासत्ताकात, म्हणजे १९५८ पासूनच्या राज्यव्यवस्थेत, एकाच कार्यकाळानंतर असे करणारे ते पहिलेच राष्ट्राध्यक्ष. जानेवारीच्या अखेरीस डाव्यांच्या प्राथमिक निवडणुकीत वाल्स हरले आणि पक्षाच्या डाव्या गटाचे बन्वा आमाँ उमेदवार झाले. दोन महिन्यांत दोन्ही मोठे पक्ष आपापल्या टोकाला सरकले.

त्यातच २५ जानेवारीला 'ल कानार आँशेने' या साप्ताहिकाने बातमी दिली की फिलाँ यांच्या पत्नीला संसदीय सहायक म्हणून वर्षानुवर्षे पगार मिळाला, पण तिने प्रत्यक्ष काम केल्याच्या खुणा दिसत नाहीत. औपचारिक आरोप ठेवला गेला तर माघार घेईन असे फिलाँ यांनी सांगितले होते. मार्चमध्ये आरोप ठेवला गेला आणि ते मैदानात राहिले. मॅक्रॉन जिंकले ते या बातमीमुळे, असे सरसकट म्हटले जाते. मला ते अपुरे वाटते. बातमीने जागा मोठी केली, पण प्राथमिक निवडणूक टाळण्याचा निर्णय आधी घेतला नसता तर त्या जागेचा फायदा दुसऱ्याच कोणाला तरी झाला असता.

फेब्रुवारी मात्र कठीण गेला. अल्जीरियात एका मुलाखतीत त्यांनी वसाहतवादाला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटले आणि उजवीकडे संतापाची लाट उठली. त्याच सुमारास समलिंगी विवाहाला विरोध करणाऱ्यांचा अपमान झाला होता असे विधान केल्याने डावीकडचे समर्थकही नाराज झाले. सविस्तर जाहीरनामा अजून आलेला नव्हता, त्यामुळे हा माणूस ज्याला जे हवे ते सांगतो, हा आरोप चिकटू लागला. नवख्या उमेदवाराला हा आरोप सर्वांत जास्त लागतो, कारण त्याच्यामागे दाखवायला जुने काम नसते.

इथे दोन कृतींनी मोहीम सावरली. २२ फेब्रुवारीला बायरू यांनी स्वतः न लढता युतीचा प्रस्ताव दिला, सार्वजनिक जीवनाच्या शुद्धतेसाठी कायदा करावा या अटीसह, आणि मॅक्रॉन यांनी तो त्याच दिवशी स्वीकारला. तीन वेळा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेला माणूस नवख्याच्या बाजूला उभा राहिला, याने वयाचा प्रश्न जितका शमला तितका कोणत्याही भाषणाने शमला नसता. २ मार्चला जाहीरनामा आला. ल्याँचे ज्येष्ठ महापौर जेरार कोलोम्ब तर सुरुवातीपासून सोबत होते. ५०० सह्यांची अट होती, मिळाल्या १,८०० हून अधिक. जाणत्या माणसांना पुढे दिसू देणे, पण सूत्रे त्यांच्या हाती न देणे, हा तोल मोहिमेने चांगला सांभाळला. मार्चअखेर वाल्स यांनी पाठिंबा जाहीर केला तेव्हाही त्यांना व्यासपीठावर आणले गेले नाही, कारण मावळत्या सरकारचा पुढचा अंक अशी ओळख मोहिमेला नको होती.

दोन फेऱ्यांच्या मधला एक दिवस जवळून पाहण्यासारखा आहे. आमिआँ येथील व्हर्लपूल कंपनीचा कपडे वाळवण्याच्या यंत्रांचा कारखाना पोलंडला हलवला जाणार होता. २६ एप्रिलला मॅक्रॉन शहरातील वाणिज्य मंडळाच्या इमारतीत कामगार संघटनांच्या प्रतिनिधींशी बंद दाराआड बोलत होते. तेवढ्यात अंतिम फेरीतील त्यांच्या प्रतिस्पर्धी, कडव्या उजव्या नेत्या मरीन ल पेन अचानक कारखान्याच्या वाहनतळावर पोहोचल्या, कामगारांबरोबर फोटो काढले आणि मॅक्रॉन धनिकांबरोबर बसले आहेत असा संदेश देऊन निघून गेल्या. आता मागे हटणे म्हणजे तो आरोप मान्य करणे होते. दुपारी मॅक्रॉन फाटकाशी गेले. टायर जळत होते, शिट्ट्या वाजत होत्या, काही जण तोंडावर शिव्या देत होते. ते गर्दीत उभे राहून बराच वेळ वाद घालत राहिले आणि त्याचे थेट प्रक्षेपण होऊ दिले. कारखाना बंद होऊ देणार नाही, असे वचन त्यांनी दिले नाही. असे वचन देणारा तुम्हाला फसवतो, असाच त्यांचा सूर होता. मते मागण्याचा अनुभव नसलेल्या माणसाची ही खरी परीक्षा होती आणि त्यात ते उतरले.

निकाल

२३ एप्रिलच्या पहिल्या फेरीत मॅक्रॉन यांना २४.०१, ल पेन यांना २१.३०, फिलाँ यांना २०.०१ आणि कडवे डावे जाँ-ल्युक मेलाँशाँ यांना १९.५८ टक्के मते मिळाली. पहिला आणि चौथा यांच्यात साडेचार टक्क्यांचेही अंतर नव्हते. समाजवादी पक्षाचे आमाँ ६.३६ टक्क्यांवर घसरले. दुसऱ्या फेरीआधीच्या वादचर्चेत ल पेन यांनी दोन कंपन्यांच्या विक्रीच्या प्रकरणांत घोळ घातला आणि तयारीतला फरक सगळ्या देशाने पाहिला. ७ मे रोजी मॅक्रॉन ६६.१० टक्के मतांनी जिंकले. जूनमध्ये झालेल्या संसदीय निवडणुकीत त्यांच्या पक्षाला ५७७ पैकी ३०८ जागा मिळाल्या, मित्रपक्षासह ३५०.

तेव्हा तरुण आणि नवखा नेता जिंकू शकतो काय, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले. पण आकड्यांची दुसरी बाजू झाकता येत नाही. अंतिम फेरीत चौथा हिस्सा मतदार घरीच राहिले आणि मतदानाला गेलेल्यांपैकी सुमारे ४० लाख लोकांनी कोरे किंवा बाद मत टाकले. संसदीय निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत मतदान जेमतेम ४३ टक्के झाले. पहिल्या फेरीत त्यांना पसंती देणारे नोंदणीकृत मतदारांच्या जेमतेम १८ टक्के होते. इतका पातळ पाया आणि इतकी मोठी सत्ता, ही जोडी पुढे जड गेली. इंधनावरील वाढीव करामुळे नोव्हेंबर २०१८ मध्ये पिवळ्या जाकिटांचे आंदोलन पेटले, तेव्हा त्या रस्त्यांवर, त्या लहान गावांत, सरकारची बाजू समजावून सांगणारा पक्षाचा माणूस जवळपास नव्हताच.

वेगळे काय करता आले असते

उमेदवारीच्या काळातील निर्णयांत फार बदल सुचवावेत असे मला वाटत नाही. जाहीरनामा डिसेंबरात यायला हवा होता. फेब्रुवारीतील घसरणीचे निम्मे कारण तिथेच होते. बायरू यांच्याशी झालेल्या युतीची तपासणी अधिक बारकाईने व्हायला हवी होती. शुद्धतेच्या कायद्याची अट घालणारे बायरू न्यायमंत्री झाले आणि स्वतःच्या पक्षातील सहायकांच्या नेमणुकांच्या चौकशीमुळे जून संपण्याआधीच त्यांना पायउतार व्हावे लागले.

मोठी चूक विजयानंतरची आहे. संसदीय उमेदवारीसाठी सुमारे १९,००० लोकांनी अर्ज केले होते. निवडलेल्या उमेदवारांत निम्म्या स्त्रिया होत्या आणि साधारण निम्मे कधीही लोकनियुक्त पदावर नसलेले. उरलेल्या हजारो अर्जदारांना, आणि घरोघर फिरलेल्या त्या स्वयंसेवकांना, पुढे करण्यासारखे काम राहिले नाही. सगळी माहिती, सगळे निर्णय वरच राहिले. माणसे बांधून ठेवण्याच्या अनुभवाची उणीव प्रचारात जाणवली नव्हती, कारण तारीख ठरलेली होती आणि लक्ष्य एकच होते. ती नंतर जाणवली. २०२० च्या नगरपालिका निवडणुकांत सत्ताधारी पक्ष मोठ्या शहरांत पाय रोवू शकला नाही.

व्हर्लपूलच्या फाटकाशी मिळालेल्या विश्वासाचेही असेच झाले. कारखाना ताब्यात घेणाऱ्या नव्या उद्योजकाचे मोठ्या आशेने स्वागत झाले, पण तो उद्योग २०१९ मध्ये बुडाला. राष्ट्राध्यक्ष दोनदा पुन्हा तिथे गेले, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. मात्र शासनाने पाठराखण केलेल्या योजनेवर देखरेख ठेवणारा, कामगारांना रोज भेटणारा स्थानिक कार्यकर्ता तिथे असता तर धोक्याची चिन्हे आधी दिसली असती.

२०२२ मध्ये मॅक्रॉन पुन्हा निवडून आले, ५८.५५ टक्के मतांनी, आणि दोन महिन्यांनी संसदेत त्यांच्या आघाडीला २४५ जागा मिळाल्या. बहुमतासाठी २८९ लागतात. १९,००० अर्जांची ती यादी जिल्ह्याजिल्ह्यांतून काम वाटून देण्यासाठी मे २०१७ मध्येच वापरली असती, तर पहिल्या पाच वर्षांत नगरपालिकांमधून काही शे माणसे तयार झाली असती आणि या निवडणुकीत त्यांतले बरेच उमेदवार आपापल्या गावात ओळखीचे असते.